५३७ मते आणि मतदार यादीची मालकी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्याकडील प्रस्थापित वर्तमानपत्रे रकानेच्या रकाने भरून टाकतात. कोण उमेदवार, कोणाच्या सभेला किती गर्दी, कोणाचा किती डॉलर खर्च, सगळे तपशील येतात. परंतु ज्यांना मतपेटीपर्यंत पोचूच दिले गेले नाही, त्यांच्याविषयी चार ओळी सापडत नाहीत. त्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर फ्लोरिडा हे एक राज्य पुरेसे आहे. या राज्यातील वादग्रस्त मतमोजणी १८७६ आणि २००० अशा दोन निवडणुकांत साऱ्या देशाच्या सत्तेचा निकाल ठरवताना कळीची ठरली. दोन्ही वेळी त्या वादाच्या तळाशी कृष्णवर्णीय माणसाचे मत होते. मतदानाचा हक्क संविधानात लिहिला म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. मतदार यादी ज्याच्या हातात, हक्क द्यायचा की नाही हेही त्याच्याच हातात, हे फ्लोरिडाने दीडशे वर्षांत वारंवार सिद्ध केले आहे.

प्रथम तेथील पद्धत समजून घेऊ. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जनतेच्या थेट मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मते असतात. आज त्यांची एकूण संख्या ५३८ असून जिंकायला २७० लागतात. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याची सर्व निर्वाचक मते मिळतात. फ्लोरिडा १८४५ साली राज्य झाले आणि १८४८ साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत प्रथम उतरले तेव्हा त्याच्याकडे ३ निर्वाचक मते होती. २०२४ साली ती ३० झाली. १९२८ ते २०१६ या काळातील २३ निवडणुकांपैकी १९६० आणि १९९२ वगळता प्रत्येक वेळी फ्लोरिडाने ज्याला निवडले, तोच राष्ट्राध्यक्ष झाला. या राज्याचे राजकीय वजन त्यावरून ध्यानात यावे. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. साऱ्या देशाची निवडणूक घेणारा आपल्यासारखा आयोग तेथे नाही. प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने, आपल्या अधिकाऱ्यांमार्फत निवडणूक घेते. मतदार यादीही राज्याची आणि मोजणीही राज्याची.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली. काँग्रेसच्या कायद्यांमुळे दक्षिणेतील कृष्णवर्णीय पुरुष मतदार झाले. १८६८ साली जोनाथन गिब्ज हे कृष्णवर्णीय गृहस्थ फ्लोरिडाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट झाले. जोसाया वॉल्स हे गुलामगिरीतून आलेले पुढारी १८७१ पासून अमेरिकन काँग्रेसमध्ये बसले. येथे वाचकांनी पक्षांच्या नावांवरून फसू नये. त्या काळी रिपब्लिकन हा लिंकनचा, गुलाममुक्तीचा पक्ष होता आणि डेमोक्रॅटिक पक्ष दक्षिणेतील गोऱ्या जमीनदारांचा. पुढे विसाव्या शतकात या दोन पक्षांच्या भूमिकांची अदलाबदल झाली.

परंतु त्याच १८६८ सालच्या राज्यघटनेत एक कलम बसवले गेले. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचा मताधिकार काढून घेण्याचे. वरवर पाहता यात गैर काय, असे वाटेल. पण त्याच्या दोनच वर्षे आधी राज्याने कृष्णवर्णीयांसाठी खास कायदे केले होते. काम नाही म्हणून भटकणारा माणूस गुन्हेगार ठरत होता, आणि दंड भरता आला नाही तर त्याला गोऱ्याच्या शेतावर राबायला दिले जात होते. आपल्याकडील भटक्या-विमुक्त बांधवांना गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. आधी एका समाजाला गुन्हेगार ठरवायचे आणि मग गुन्हेगाराला मत नाही म्हणायचे, हा डाव दीडशे वर्षे चालला.

१८७६ च्या निवडणुकीत फ्लोरिडाची ४ निर्वाचक मते होती. हजारापेक्षा कमी मतांच्या फरकाने ती रिपब्लिकन उमेदवार हेज यांना दिली गेली. डेमोक्रॅट टिल्डन यांच्या बाजूने ते अमान्य करण्यात आले. दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियाना या राज्यांतही तोच वाद होता. काँग्रेसने १५ जणांचा आयोग नेमला. त्याने ८ विरुद्ध ७ अशा मतांनी निर्णय दिला आणि १८५ विरुद्ध १८४ अशा एका निर्वाचक मताने हेज राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे मुक्त गुलामांचा पक्ष जिंकला! पण किंमत कोणी मोजली? १८७७ साली दक्षिणेतील उरल्यासुरल्या केंद्रीय सैन्याचे संरक्षण काढून घेण्यात आले आणि कृष्णवर्णीय माणूस त्याच्या जुन्या मालकाच्या हवाली झाला. वरच्या दोन पक्षांची तडजोड झाली की खालच्या माणसाचा बळी जातो, हे आपल्या चळवळीला नव्याने सांगायला नको.

यानंतर फ्लोरिडाच्या सत्ताधाऱ्यांनी कायद्याच्या मार्गाने मताधिकार मारायला सुरुवात केली. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनुसार वर्णावरून मत नाकारता येत नव्हते. म्हणून १८८९ साली दोन उपाय योजले गेले. पहिला म्हणजे मतदान कर. मत द्यायचे तर आधी कर भरा. दुसरा म्हणजे वेगवेगळ्या पदांसाठी वेगवेगळ्या मतपेट्या. मतपत्रिका चुकीच्या पेटीत पडली की मत बाद. ज्यांना गुलामगिरीत अक्षर शिकू दिले नव्हते, त्यांनी पेटीवरचे नाव वाचून मत टाकायचे! या कायद्यांत वर्णाचा उल्लेख नव्हता. गरिबी आणि निरक्षरता कोणाच्या वाट्याला आली आहे, हे कायदा करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. १८८० पासून १९२४ पर्यंत प्रत्येक राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत फ्लोरिडा डेमोक्रॅटांकडेच राहिले. पुढे पक्षाच्या अंतर्गत उमेदवार निवडीत फक्त गोऱ्यांना मत देऊन उरलेली फटही बुजवली गेली. जोसाया वॉल्स यांच्यानंतर फ्लोरिडातून अमेरिकन काँग्रेसवर कृष्णवर्णीय उमेदवार पुन्हा निवडून यायला १९९२ साल उजाडावे लागले.

कायद्याने भागले नाही तेथे दोरखंड आणि दारूगोळा वापरला गेला. २ नोव्हेंबर १९२० हा राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या मतदानाचा दिवस. ऑर्लँडोजवळच्या ओकोई या गावात मोझ नॉर्मन हे कृष्णवर्णीय शेतकरी मत द्यायला गेले. त्यांना परत पाठवण्यात आले. त्या रात्री गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली आणि जुलै पेरी यांना ठार करून टांगले. किती माणसे मेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. जे वाचले ते जमीनजुमला टाकून पळाले आणि पुढे कित्येक दशके त्या गावात एकही कृष्णवर्णीय कुटुंब राहिले नाही. शाळेतील मुलांना हा इतिहास शिकवावा, असा कायदा फ्लोरिडाने केला तो २०२० साली, म्हणजे शंभर वर्षांनी.

मतदान कर १९३७ साली रद्द झाला. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या एका खटल्यात फक्त गोऱ्यांची उमेदवार निवड घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी हॅरी मूर या शाळाशिक्षकाने फ्लोरिडात प्रोग्रेसिव्ह व्होटर्स लीग उभी केली. गावोगाव फिरून, सभा घेऊन, अर्ज भरून घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांतच एक लाखाहून अधिक कृष्णवर्णीयांची नावे मतदार यादीत आणली. त्यांची नोकरी गेली, तरी ते थांबले नाहीत. २५ डिसेंबर १९५१ च्या रात्री, त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्यांच्या घराखाली बॉम्ब उडवण्यात आला. हॅरी मूर त्याच रात्री गेले आणि पत्नी हॅरिएट नऊ दिवसांनी. या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. मूर ज्या एनएएसीपी या संघटनेचे काम करीत होते, त्याच संघटनेतील थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना बाबासाहेब डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांची संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणारी याचिका बाबासाहेबांना पाहायची होती, कारण अस्पृश्यांसाठीही तो मार्ग त्यांच्या मनात होता. दोन्ही समाजांच्या दुःखाचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

१९६५ साली मताधिकार कायदा आला. आता सारे सुरळीत झाले, असे जगाला वाटले. मग २००० साल उजाडले. एका बाजूला रिपब्लिकन जॉर्ज बुश, दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅट अल गोर. सारा निकाल फ्लोरिडाच्या २५ निर्वाचक मतांवर येऊन अडला. सुमारे ६० लाख मतांपैकी फक्त ५३७ मतांनी बुश विजयी झाल्याचे जाहीर झाले. जाहीर कोणी केले? सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस यांनी. या बाई फ्लोरिडातील बुश प्रचार मोहिमेच्या सहअध्यक्ष होत्या! आणि राज्याचे गव्हर्नर, म्हणजे तेथील मुख्यमंत्रीच, जेब बुश हे उमेदवाराचे सख्खे भाऊ होते. ज्या खुर्चीवर १८६८ साली जोनाथन गिब्ज बसले होते, तिचा असा उपयोग झाला. पुढे २००३ पासून तर हे पद निवडणुकीने न भरता गव्हर्नरच भरू लागला.

मतदानाआधीच राज्याने एका खासगी कंपनीकडून गुन्हेगारांची यादी करवून घेतली होती आणि तिच्या आधारे नावे वगळायला सांगितले होते. नावाशी नाव जवळपास जुळले तरी माणूस गुन्हेगारांच्या यादीत जात होता. मतदान केंद्रावर गेल्यावर अनेकांना कळले की आपण मतदारच नाही. जे आत पोचले, त्यांच्याही मतांचे काय झाले? अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने २००१ साली अहवाल दिला. बाद झालेल्या मतपत्रिका सुमारे पावणेदोन लाख होत्या. कृष्णवर्णीय मतदारांच्या दर शंभर मतपत्रिकांपैकी सुमारे १४ बाद झाल्या, तर इतरांच्या दोनही नाहीत. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या गॅड्सडेन या एकमेव काउंटीत बाद मतांचे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. १८८९ साली चुकीच्या पेटीने जे केले, ते २००० साली गरीब वस्त्यांतील निकृष्ट यंत्रांनी आणि किचकट मतपत्रिकांनी केले. ५३७ मतांची आघाडी या पावणेदोन लाखांसमोर ठेवून पाहा.

फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने यंत्राने न वाचलेल्या मतपत्रिका हाताने मोजण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोजणी थांबवली आणि १२ डिसेंबरला ५ विरुद्ध ४ मतांनी कायमची बंद केली. वकील म्हणून आम्हाला या निकालातील दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मोजणी थांबवण्यासाठी आधार घेतला गेला तो चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षणाचा. मुक्त गुलामांच्या रक्षणासाठी १८६८ साली झालेली ही दुरुस्ती, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची मते न मोजण्यासाठी वापरली गेली. दुसरी, राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक निवडण्याचा नागरिकाला संविधानाने दिलेला असा हक्कच नाही, विधिमंडळाने दिला तरच तो आहे, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. खुद्द फ्लोरिडाच्या विधिमंडळाने १८६८ साली जनतेचे मत न घेता निर्वाचक परस्पर नेमलेही होते.

एवढी नाचक्की होऊनही राज्य सुधारले नाही. २००४ च्या निवडणुकीआधी सुमारे ४८ हजार नावांची नवी यादी तयार झाली. ती गुप्त ठेवण्याचा आटोकाट प्रयत्न झाला. न्यायालयाच्या आदेशाने ती उघड झाली तेव्हा कळले की तिच्यात २२ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय होते आणि बहुधा रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्या स्पॅनिशभाषक समाजाचे अवघे ६१. सरकारला ती यादी मागे घ्यावी लागली. यादी लोकांच्या डोळ्यांसमोर आली म्हणूनच हजारोंचे मत वाचले, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

२००८ आणि २०१२ साली बराक ओबामा यांनी फ्लोरिडा जिंकले. रविवारच्या प्रार्थनेनंतर कृष्णवर्णीयांची चर्चे आपल्या लोकांना थेट मतदान केंद्रावर घेऊन जाऊ लागली होती. हे पाहून २०११ साली राज्याने मुदतपूर्व मतदानाचे दिवस १४ वरून ८ केले आणि निवडणुकीआधीचा नेमका तो रविवारच वगळला. तरीही २०१२ साली लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. हक्काची किंमत ज्याला कळली आहे, तो रांगेला कंटाळत नाही.

२०१६ पर्यंत शिक्षेमुळे मताधिकार गमावलेल्यांची संख्या फ्लोरिडात १६ लाखांवर गेल्याचा अंदाज होता. त्यांतील बहुसंख्य शिक्षा भोगून बाहेर आलेले होते. दर पाच कृष्णवर्णीय प्रौढांमागे एकाहून अधिक माणूस असा मताविना होता. याविरुद्ध डेस्मंड मीड यांनी चळवळ उभारली. ते स्वतः तुरुंग भोगलेले, बेघर राहिलेले आणि त्यानंतर कायद्याची पदवी मिळवलेले. २०१८ साली चौथी दुरुस्ती ६४ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाली आणि खून व लैंगिक गुन्हे वगळता शिक्षा पूर्ण केलेल्यांना मताधिकार मिळाला. १८६८ चे कलम जनतेनेच गाडले. पण २०१९ साली विधिमंडळाने कायदा केला की शिक्षा पूर्ण म्हणजे दंड आणि न्यायालयाची सर्व देणीही चुकती. सुमारे पावणेआठ लाख माणसे यात अडकल्याचा अंदाज न्यायालयापुढे आला. कोणाकडे किती बाकी आहे, याची एकत्र नोंद खुद्द सरकारकडे नव्हती. कनिष्ठ न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबर २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ६ विरुद्ध ४ मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. १९३७ साली गेलेला मतदान कर दुसऱ्या नावाने परत आला, असेच आम्ही म्हणू.

२०२४ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी फ्लोरिडा सुमारे १३ टक्के मतांच्या फरकाने जिंकले. एवढी मोठी आघाडी केवळ नावे वगळून मिळत नाही. बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक, क्युबन आणि इतर स्पॅनिशभाषक मतदारांचा बदललेला कल, डेमोक्रॅटांचे ढिले पडलेले संघटन ही कारणे खरी आहेत. ती नाकारणे म्हणजे स्वतःची फसवणूक ठरेल. परंतु त्याच निवडणुकीतील एक गोष्ट साऱ्या इतिहासावर प्रकाश टाकते. ट्रम्प यांना मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात ज्यूरीने ३४ गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवले होते. ते फ्लोरिडाचे रहिवासी. तरी त्यांनी फ्लोरिडात मतदान केले, आणि कायदेशीरपणे केले. दुसऱ्या राज्यात दोषी ठरलेल्याला फ्लोरिडा त्या राज्याचा नियम लावते आणि न्यूयॉर्कमध्ये तुरुंगात नसलेल्याचे मत जात नाही. फ्लोरिडाच्याच न्यायालयात शिक्षा होऊन, ती पूर्ण भोगूनही दंडाची रक्कम भरू न शकलेला मजूर मात्र मतदान केंद्राबाहेर राहिला.

आता आपल्या संविधानाकडे वळू. संविधानाच्या मसुद्यात आधी प्रत्येक प्रांतासाठी स्वतंत्र निवडणूक आयोग होता. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी तो बदलून साऱ्या देशासाठी एकच आयोग ठेवणारी दुरुस्ती मांडली. कारण त्यांनीच सांगितले. काही प्रांतांतील सरकारे वंशाने, संस्कृतीने वा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदार यादीत येऊच नयेत, अशी व्यवस्था करीत होती. मताधिकार ही लोकशाहीतील सर्वांत मूलभूत गोष्ट असून स्थानिक सरकारच्या पूर्वग्रहामुळे किंवा अधिकाऱ्याच्या लहरीमुळे कोणाचेही नाव यादीबाहेर राहता कामा नये, ही त्यांची भूमिका होती. अनुच्छेद ३२४, ३२५ आणि ३२६ यांचा अर्थ त्यातून कळतो. फ्लोरिडाला जे २००० साली भोवले, ते आपल्याकडे घडू नये म्हणून बाबासाहेबांनी अर्धशतक आधीच बांध घातला होता. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सभागृहाला सावधही केले की आयोगावर सरकारच्या मुठीतला माणूस येणार नाही, याची खात्री या कलमात नाही.

ही सावधगिरीची सूचना आज अधिकच लागू आहे. आयुक्तांच्या निवडीत सरन्यायाधीशही असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री बसवला. तिघांपैकी दोघे सरकारचे! २०२५ साली बिहारमध्ये मतदार यादीच्या विशेष पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. ती नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला. फ्लोरिडाची २००४ ची गुप्त यादी येथे आठवावी. तसेच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) मुळे तुरुंगातील कच्च्या कैद्यालाही मत देता येत नाही. गुन्हा सिद्ध झालेला नाही, जामिनाला पैसे नाहीत, म्हणून मतही नाही. असे कैदी बहुतांशी कोणत्या समाजाचे असतात, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

हॅरी मूर यांनी मोठी भाषणे केली म्हणून त्यांना मारले गेले नाही. त्यांनी यादीत नावे घातली, म्हणून मारले गेले. आपल्या चळवळीत जयंतीला, मोर्चाला, सभेला माणसे कमी पडत नाहीत. प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध होते त्या आठवड्यात मात्र तहसील कचेरीत आपला कार्यकर्ता दिसत नाही. ऊसतोडीला गेलेले कुटुंब, शहरात कामाला आलेला मजूर, अतिक्रमण म्हणून पाडलेल्या झोपडपट्टीतील घर, सासरी गेलेली लेक यांचीच नावे सर्वांत आधी गळतात. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक बुद्धविहारात आपल्या भागाची यादी मोठ्याने वाचली गेली पाहिजे. राहिलेल्यांचा नमुना ६ चा अर्ज भरला पाहिजे. आपल्या माणसाविरुद्ध नमुना ७ ची हरकत आली तर सुनावणीला बरोबर जाणारा माणूस हवा. आमच्यासारख्या वकिलांनी हे काम फी न घेता केले पाहिजे. निवडणुकीचा निकाल लागल्यावर यंत्रावर आणि नेत्यांवर चिडून उपयोग नाही. यादी अंतिम होण्याआधी ती आपल्या हातात असली पाहिजे.